वरून दिसतं ते खाली

यंत्राला फीत बांधलेली होती. गुलाबी, साटीनची, चार बोटं रुंद. बांधणाऱ्याने तिचे दोन वेढे नेमके यंत्राच्या दांड्याभोवती घेतले होते, त्यामुळे सकाळपासून ते यंत्र कुणालाच चालवून बघता आलं नव्हतं. फीत पाहुण्यांनी कापायची असते. तोवर यंत्र म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती, लांबून बघायचं आणि पुढे सरकायचं.

मी सिल्वासातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवते. त्याआधी बरीच वर्षं इथल्याच औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या साच्यांची ड्रॉइंगं काढत होते. नाशिकहून आले तेव्हा दोन वर्षांत परत जायचं ठरलं होतं. इथे आलेल्या सगळ्यांचंच तसं ठरलेलं असतं. माझ्या विषयाचं अभ्यासक्रमातलं नाव लांबलचक आहे आणि अभ्यासक्रम बदलला की ते आणखी लांबतं. त्यातलं मला कळलं ते इतकंच: कागदावर काढलेली रेघ उद्या कुणाच्या तरी हाताला लागणार आहे, हे अठरा वर्षांच्या मुलांना पटवायचं.

पहिल्या वर्षाची मुलं सांगितलेलं ऐकतात, हाच त्यांच्यातला मोठा दोष. बारावीपर्यंत त्यांना प्रश्न आयता मिळतो आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असतं. मी प्रश्न देत नाही. एक माणूस शोधा, म्हणते, त्याचं एक काम बघा आणि ते त्याला कुठे टोचतं ते लिहून आणा. पहिल्या आठवड्यात हमखास पाच-सहा गट स्मार्ट कचरापेटी घेऊन येतात. झाकण आपोआप उघडतं, दिवा लागतो. "यात कचरा टाकणार कोण?" असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

त्या वर्षी एका मुलीने कचरापेटी आणली नाही. तिने आईचा अंगठा आणला. वहीच्या पानभर, पेन्सिलीने, डाव्या हाताचा अंगठा काढला होता आणि त्यावर चिरा जिथे जिथे होत्या तिथे तिथे बारीक रेघा.

घर सामरवरणीला, एक खोली. माणसं मूळची नंदुरबारकडची. वडील सुताच्या कारखान्यात ऑपरेटर, आई घरी बसून प्लास्टिकच्या झाकणांची कडेची जादा किनार ब्लेडने कापायची. ठेकेदार झाकणांची गोणी दारात टाकून जायचा. डाव्या हातात झाकण, उजव्या हातात ब्लेड, आणि प्रत्येक झाकणानंतर मांडीवर पडलेला कपटा डाव्या अंगठ्याने झटकायचा. एक कापलं, झटकलं. एक कापलं, झटकलं. एखादी चीर पिकली की हात आठवडाभर कामाला येत नसे, आणि मग पुढची गोणी दुसऱ्या दारात पडे. पोरीचं कॉलेज त्या गोण्यांवर चाललं होतं, हे तिने मला सांगितलं नाही. घर बघितल्यावर सांगायची गरज नव्हती.

मी गटाबरोबर एकदा तिथे गेले. आईने चहा केला आणि लेकीकडे हनुवटी उडवून म्हणाली, "मॅडम, हिला इंजिनिअर करायला धाडलं, तर ही माझाच अंगठा मोजत बसते. काल झोपेत होते तरी पट्टी लावत होती."

"झोपेत हात हलत नाही ना," मुलगी म्हणाली.

"ऐका! मेल्यावर अजून छान मोजशील."

गटातल्या तिघांनी पुठ्ठ्याचे तीन नमुने केले. तिन्ही आईने नापास केले, त्यातला एक हातही न लावता. चौथा तिला पटला. लाकडी पाट, त्यात झाकण बसेल अशी खोबण, उजव्या हाताने दाबायचा दांडा आणि दांड्याला पातं. दाबलं की किनार कापली जाते आणि कपटा मागच्या बाजूने डब्यात पडतो, म्हणजे झटकायला काही उरतच नाही. आणि पुढे, बसणाऱ्याच्या अंगाला, एक आडवा पत्रा. त्याच्याखालून झाकण आत सरकतं, बोट सरकत नाही. सगळं डिझाइन त्या पत्र्यात होतं. बाकी यंत्र म्हणजे अडकित्ताच.

आता चूक सांगते.

माझ्या वर्गात एका शब्दाला बंदी आहे: चालेल. मराठीत याच्याइतका घातकी शब्द दुसरा नसेल. त्यात होकार नाही, नकार नाही, जबाबदारी तर मुळीच नाही. जोड ढिला आहे, चालेल. माप दोन मिलिमीटरने हुकलं, चालेल. मी मुलांना विचारते, कुठपर्यंत चालेल? दारापर्यंत? ती हसतात आणि वर्गाबाहेर पडल्यावर पुन्हा तेच म्हणतात.

यंत्र बनवायला द्यायचं होतं त्या दुपारी मी एका फायलीत बुडाले होते. कॉलेजला मान्यता देणारी समिती येणार होती, आणि तिला आमची उद्दिष्टं व निष्पत्ती उभ्या-आडव्या चौकटींत भरून हवी होती. कोणत्या उद्दिष्टातून कोणती निष्पत्ती निघाली याचे एक ते तीन असे आकडे भरायचे असतात. ते कुठून येतात हे कुणी विचारत नाही. मुलगी ड्रॉइंग घेऊन दारात उभी राहिली.

"मॅडम, कोपऱ्यातलं चिन्ह राहिलंय. रिक्षा खाली उभी आहे, वर्कशॉपवाले पाचला बंद करतात. तसंच देऊ का?"

मी मान वर केली नाही. म्हणाले, "चालेल."

त्या चिन्हाबद्दल दोन वाक्यं सांगावी लागतील. वस्तूचं ड्रॉइंग काढताना समोरून दिसणारं एक चित्र आणि वरून दिसणारं दुसरं काढतात. आमच्या कॉलेजांत वरून दिसणारं चित्र खाली काढायची रीत आहे. का, ते विचारायचं नसतं. पण बाहेरदेशी माल पाठवणारे काही कारखाने उलट्या रीतीने काम करतात. त्यांच्याकडे वरून दिसतं ते वर, आणि खाली जे काढलेलं असेल ते खालून दिसणारं. तुमची रीत कोणती, हे कोपऱ्यातलं बोटभर चिन्ह सांगतं. ते नसलं तर वाचणारा आपल्या सवयीने वाचतो, आणि पुढचं मागे जातं. तुटक रेघांनी पुढचं-मागचं वेगळं दाखवलं असतं तरी चूक लक्षात आली असती. मुलांनी घाईत सगळ्याच रेघा सलग काढल्या होत्या. तेही मी बघितलं नाही.

यंत्र समितीच्या आदल्या संध्याकाळी तयार झालं आणि वर्कशॉपमधून थेट रंगाऱ्याकडे गेलं. प्राचार्यांना ते कॉलेजच्या बोधचिन्हाच्या निळ्या रंगात हवं होतं. सकाळी सभागृहात शिरले तेव्हा ते मंचावर टेबलावर होतं, फीत बांधलेलं, आणि पुढच्या निळ्या पत्र्यावर सोनेरी अक्षरांत कॉलेजचं नाव चिकटवलेलं. पत्रा समोर होता. मी पाहिलं आणि निश्चिंत झाले. मी खाली, प्रेक्षकांच्या बाजूला उभी होते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

समिती अकराला यायची ती साडेबाराला आली. चौघं जण होते. त्यांना दुपारी वासोण्याच्या सफारीतले सिंह दाखवायला न्यायचं होतं, म्हणून प्राचार्य सारखे घड्याळ बघत होते. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, शाली झाल्या. अध्यक्षांच्या परिचयाची दोन पानं वाचून झाली आणि तिसरं निघालं, तेव्हा मी झाकणांची टोपली ठेवायला मंचावर टेबलाच्या मागे गेले. खुर्ची सरकवली. दांडा उजव्या हाताला येतो ना, हे बघायला क्षणभर तिच्यावर बसले.

माझ्या आणि पात्याच्या मध्ये काही नव्हतं.

पत्रा पलीकडे होता. कपटा जिथून खाली पडायचा ती वाट त्याने बंद केली होती, आणि जिथे बोटं येणार ती बाजू उघडी होती. नवीन पातं, धार लावलेलं. निळा रंगही त्याला लागला नव्हता.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन वर्कशॉपवाल्याला फोन लावला. वसाहतीतला गुजराती माणूस, हात चोख. म्हणाला, "बेन, ड्रॉइंगमां जे हतुं ते ज बनाव्युं छे." ड्रॉइंगमध्ये होतं तेच बनवलंय म्हणे. त्याच्याकडची बरीचशी कामं बाहेरदेशी जाणाऱ्या मालाची. त्याने त्याच्या सवयीने वाचलं होतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

परत येऊन एक चिठ्ठी लिहिली: "यंत्रात दोष आहे, हाताला धोका आहे, प्रात्यक्षिक रद्द करावं." ती शिपायाकरवी प्राचार्यांकडे गेली. त्यांनी ती मांडीवर वाचली, माझ्याकडे बघून समितीला दाखवायचं ते हसू हसले आणि मागच्या बाजूला लिहून पाठवलं: "आता बदल नको. एकदाच दांडा दाबायचा आहे. चालेल."

पहिल्या रांगेच्या टोकाला मुलगी आईला घेऊन बसली होती. आई नव्या साडीत अवघडून, मांडीवर पिशवी. मी शेजारी बसून मुलीच्या कानात सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण ती गडबडली नाही.

"मी आईला सांगते, हात लांब ठेव म्हणून."

"ठेवील ती?"

"ठेवील ना. एकदाच तर आहे." मग हळूच, "मॅडम, बंद नका करू. बाबांनी सुट्टी टाकलीय. तिकडे मागे उभे आहेत, मोबाइल धरून."

मी मागे बघितलं. वडील भिंतीपाशी उभे होते, मोबाइल दोन्ही हातांनी छातीशी धरून, अजून सुरूही न झालेल्या गोष्टीचं चित्रण करत.

माणसाने लक्षात ठेवलं तरच सुरक्षित, असं यंत्र बनवायचंच नाही, हे त्या मुलीला मीच शिकवलं होतं. तेव्हा उठायला हवं होतं. मी उठले नाही. मलाही वाटलं, एकदाच तर आहे. तिसरं पान संपलं, टाळ्या झाल्या आणि मी त्या टाळ्यांत हात मिळवले.

फीत कापली गेली. अध्यक्ष म्हणाले, "आइए माताजी, आइए." आई मंचावर गेली, खुर्चीवर बसली. बसल्या बसल्या यंत्राकडे एकदा पाहिलं, मग लेकीकडे. लेकीने डोळ्यांनी खुणावलं. आईने झाकण खोबणीत ठेवलं, डावा हात टेबलाच्या पार कडेला नेला आणि दांडा दाबला. कट् असा आवाज झाला. टाळ्या.

कपटा मागे पडला नाही. पत्र्याला आपटून पुढे आला आणि पात्याखाली पडून राहिला.

झालं, मी म्हटलं. आता उठेल.

"बहुत बढ़िया!" अध्यक्ष म्हणाले. "और दो-चार कीजिए, थोड़ा जल्दी जल्दी. वीडियो ले रहे हैं."

तिने दुसरं झाकण ठेवलं, कट्. तिसरं. काम सुरू झालं होतं, आणि काम सुरू झालं की तिचे हात तिचे राहत नसत, हे मुलांनी तिच्या खोलीत तासन्‌तास बसून वहीत लिहिलं होतं. डावा हात टेबलाच्या कडेवरून सुटला होता. चौथं झाकण तिने ठेवलं तेव्हा तो खोबणीच्या जवळ आला होता. मी पायऱ्या कधी चढले ते आठवत नाही. एवढं आठवतं, की पात्याखाली तीन कपटे साचले होते आणि अंगठा ते झटकायला निघाला होता, आणि उजवा हात खाली येत होता.

मी दांडा खालून धरला. तिचं बळ माझ्यापेक्षा जास्त होतं. दांडा वीतभर आणखी खाली आला आणि थांबला. अंगठा पात्याखाली होता. तिने तो काढून घेतला, बघितला, दुसऱ्या हाताने दाबून बघितला. काही झालं नव्हतं.

"काय झालं, मॅडम?" ती म्हणाली.

टेबलावरचा माईक चालू होता, त्यामुळे मी जे बोलले ते सगळ्या सभागृहात गेलं. "थांबा. हे यंत्र उलटं बनलंय. मुलांचं डिझाइन बरोबर आहे, ड्रॉइंग मी न बघता पाठवलं."

प्राचार्य उठून म्हणाले, की आमच्या मॅडम विद्यार्थ्यांमध्ये भावनिकदृष्ट्या फार गुंतलेल्या आहेत. एका सदस्यांनी विचारलं, "इसका पेटंट फाइल किया है क्या?" नाही म्हटल्यावर त्यांनी तसं लिहून घेतलं. मग चहा झाला आणि गाड्या सिंहांकडे गेल्या.

सभागृह रिकामं झालं. आई अजून मंचावरच होती. तिने टेबलाभोवती फिरून पत्र्यावरची सोनेरी अक्षरं बघितली आणि लेकीला घरच्या अहिराणीत म्हणाली, "हाई उलटं शे."

"माहितीये."

"माले बसताच दिसनं. माले वाटनं, कॉलेजवाल्यास्ले माहीत व्हई." तिला बसताक्षणीच दिसलं होतं, पण कॉलेजवाल्यांना माहीत असेल असं वाटलं होतं.

मग तिने यंत्र उचलून फिरवलं आणि पत्रा आपल्या अंगाला घेतला. आता दांडा डाव्या हाताला आला. रिकामाच दोनदा दाबून बघितला. "डाव्या हाताने मला चपातीसुद्धा उलटता येत नाही," ती मला म्हणाली आणि झाकणं पिशवीत भरू लागली. सगळी, मोजून आणलेली, कापलेली तीनही.

मुलगी माझ्याकडे आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

"मी विचारलं होतं तुम्हाला, चिन्हाचं."

"हो."

"आणि तुम्ही पहिल्यांदाच उठायला हवं होतं. माझं ऐकायचं नव्हतं."

"हो."

तिने आईच्या हातातली पिशवी घेतली. वडील खालून म्हणाले, "चला, रिक्षा आहे," आणि ती तिघं गेली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी लेखी खुलासा मागवला. मी घडलं तसं लिहून दिलं. ते फायलीत लागलं, आणि त्याच फायलीत, आधीच्या पानावर, आईने पहिलं झाकण कापलं त्या क्षणाचा रंगीत फोटो आहे. त्यात सगळे टाळ्या वाजवताना दिसतात. मीसुद्धा. निष्पत्तीच्या चौकटीत तीन हा आकडा आहे, म्हणजे सर्वोत्तम.

तो गट पुढचे काही दिवस माझ्याकडे फिरकला नाही. वर्गात यायचे, मागे बसायचे. मी त्यांच्या बाकाजवळून जाताना वही बंद व्हायची. मी विचारलं नाही. विचारायचा अधिकार मी मंचावर घालवला होता, आणि तो खुलासा लिहून परत मिळत नसतो.

मग एका सकाळी वर्कशॉपवाल्याचाच फोन आला. हसत होता. "बेन, तमारी छोकरी आवी छे, पोते ऊभी रहीने कराववुं छे, एम कहे छे. आ ड्रॉइंग तो जुओ!" स्वतः उभं राहून करून घ्यायचंय म्हणे. त्याने फोटो पाठवला.

ड्रॉइंग तेच होतं, नव्याने काढलेलं. तुटक रेघा जागच्या जागी होत्या, कोपऱ्यात चिन्ह होतं. पण तिचा चिन्हावर भरवसा राहिला नव्हता. वरून दिसणाऱ्या चित्रात, पत्र्याच्या अलीकडे, तिने एक बाई काढली होती. वरून दिसते तशी: मधोमध भांग पाडलेलं डोकं, दोन खांदे, गुडघे, पुढे आलेले दोन हात. बाण काढून मराठीत लिहिलं होतं, "माय इथे बसते." आणि खाली तेच गुजरातीत.

असं ड्रॉइंग परीक्षेत कुणी काढलं तर मानकाप्रमाणे त्याचे गुण कापावे लागतील. वर्कशॉपवाला म्हणाला, "हवे भूल नहि थाय." आता चूक व्हायची नाही. तिने माझी सही मागितली नव्हती. मी पाठवलीही नाही.

पंधरा दिवसांनी मी सामरवरणीला गेले. बोलावलं नव्हतं, पण दार उघडं होतं. यंत्र खिडकीखाली होतं. रंग नव्हता, पत्र्याच्या कडा कानशीने घासून गोल केलेल्या. आई खिडकीकडे पाठ करून दांडा दाबत होती, कट्, कट्, आणि कपटे पलीकडे डब्यात पडत होते. दर दाबानंतर डावा अंगठा झटकायला उठायचा, पत्र्याला लागायचा आणि परत यायचा. प्रत्येक वेळी. बराच वेळ मी तेवढंच बघत राहिले.

"बसा ना मॅडम," ती हात न थांबवता म्हणाली. "चांगलं झालंय. फक्त हा पत्रा उजेड अडवतो. झाकण नीट बसलं का ते मला दिसत नाही, बाजूने बोट घालून चाचपावं लागतं."

मी तोंड उघडलं होतं. पत्र्याला जाळी लावता येईल, किंवा खिडकीकडे तोंड करून बसता येईल, असं काहीतरी सांगणार होते. पण मुलगी आधीच आईशेजारी खाली बसली होती, आईच्या डोळ्यांच्या उंचीवर डोकं नेऊन.

"परत बस बघू होतीस तशी," ती आईला म्हणाली. "नाही, मुद्दाम वाकू नको. रोजच्यासारखी." आणि पट्टी काढून ती माप घेऊ लागली.